विजेची परतीची वाट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

चंद्रपूर म्हटले की आधी कोळसा आठवतो आणि पाठोपाठ दुर्गापूरचे महाऔष्णिक वीज केंद्र. या केंद्राचा पहिला संच 1983 साली सुरू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला होता. या भागातील वीज थेट मुंबईच्या दारापर्यंत नेणारी एक खास वाहिनी 1999 साली कार्यान्वित झाली. चंद्रपूरहून निघून ती सुमारे 750 किलोमीटरचा प्रवास करते आणि भिवंडीजवळच्या पडघा येथे पोहोचते. आपल्या घरातील विजेची दिशा सेकंदाला शंभर वेळा बदलते. या वाहिनीतील वीज मात्र एकाच दिशेने वाहते. तिला दिष्ट धारा किंवा डीसी म्हणतात.

या तारांबरोबर आणखी एक गोष्ट प्रवास करते. ती दिसत नाही, तिचा आवाज येत नाही. ती म्हणजे चुंबकत्व.

वीज आणि चुंबक यांचे हे नाते 1820 साली उघड झाले. डेन्मार्कमधील कोपनहेगनचे प्राध्यापक ओरस्टेड यांनी तारेतून विजेचा प्रवाह सोडला, तेव्हा जवळच्या होकायंत्राची सुई हलली. सुई तारेकडे ओढली गेली नाही, तिच्यापासून दूरही ढकलली गेली नाही. ती तारेला आडवी होऊ पाहत होती. म्हणजे प्रवाहाचे चुंबकत्व तारेभोवती कड्यासारखे फिरते. उजव्या हाताच्या मुठीत तार धरली आहे आणि अंगठा प्रवाहाच्या दिशेला आहे अशी कल्पना करा. वळलेली बोटे त्या कड्याची दिशा दाखवतात. प्रवाह वाढला की हे क्षेत्र वाढते आणि तारेपासून दूर गेले की घटते.

एका तारेतून 1500 अँपिअर डीसी वाहत असेल, तर 10 मीटरवर तिचे क्षेत्र 30 मायक्रोटेस्ला भरते. होकायंत्राला उत्तर दाखवणारे पृथ्वीचे आडवे क्षेत्र आपल्याकडे 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. म्हणजे तारेचा जोर पृथ्वीच्या जोराला टक्कर देणारा झाला. घरगुती विजेच्या तारेखाली असे होत नाही, कारण तिथले क्षेत्र इतक्या झपाट्याने उलटसुलट होते की सुईला त्यामागे धावता येत नाही.

जंगलाच्या मुलखात ही गोष्ट किरकोळ नाही. होकायंत्राने मोजणी करणाऱ्याला पहिला धडा दिला जातो तो लोखंडापासून आणि विजेच्या तारांपासून दूर राहण्याचा. सुई पाच अंशांनी चुकली, तर एक किलोमीटर चालून गेल्यावर माणूस जवळजवळ 87 मीटर बाजूला पडतो. शेत आणि जंगल यांच्या हद्दीत एवढे अंतर म्हणजे एखाद्याचे वावरच.

मुंबईने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अनुभवला. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. हे चुंबकत्व दिवसभरात किंचित कमीजास्त होते. हा फरक एकूण क्षेत्राच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो आणि तोच तिथे टिपायचा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामची वीज डीसी. ती डोक्यावरच्या तारेतून येणार आणि रुळांतून परत जाणार. पण रुळांतून तिचा काही भाग जमिनीत झिरपून भलत्याच वाटेने फिरणार. असा भरकटलेला 100 अँपिअरचा प्रवाह एक किलोमीटरवरूनही वेधशाळेच्या नोंदीत दिवसभराच्या नैसर्गिक फरकाएवढी गडबड करू शकतो.

त्या वेळी नानाभाई मूस हे वेधशाळेचे संचालक होते. या पदावरचे ते पहिले भारतीय. ट्राम धावू लागेपर्यंत वाट न पाहता त्यांनी नवी जागा शोधली. ती होती खाडीपलीकडचे अलिबाग. तिथे 1904 साली नवी वेधशाळा सुरू झाली. तिच्या बांधकामात लोखंड टाळले होते. पुढे 1906 पर्यंत कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुने आकडे नव्याशी जोडता यावेत. मग कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. विजेची पहिली ट्राम 7 मे 1907 रोजी धावली. तोवर यंत्रे सुरक्षित जागी पोहोचली होती. मुंबईत 1964 साली ट्राम बंद झाल्या, पण 1841 पासूनची नोंदींची साखळी अलिबागला आजही चालू आहे.

या गोष्टीतून एक बारकावा लक्षात येतो. वीज कुठून जाते एवढे पाहून भागत नाही. ती परत कुठून येते तेही पाहावे लागते. ट्रामचा त्रास होता तो तिच्या परतीच्या वाटेचा. चंद्रपूर-पडघा वाहिनीत दोन ध्रुवांच्या तारा शेजारून जातात. एकीतून प्रवाह जातो, दुसरीतून तेवढाच परत येतो. दोघींची चुंबकत्वे उलट दिशांची, म्हणून दूर अंतरावर ती एकमेकांना खोडतात. तारांमध्ये 10 मीटर अंतर धरले, तर एक किलोमीटरवर जोडीचे क्षेत्र एकट्या तारेच्या शंभराव्या भागाइतकेच उरते. अगदी खाली उभे राहिल्यास मात्र ते चांगलेच जाणवते. अशा वाहिन्यांत एक ध्रुव बंद पडला तर काही काळ परतीचा प्रवाह जमिनीतून नेण्याची सोय असते. तेव्हा पुन्हा ट्रामसारखीच परिस्थिती येते.

शेवटी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मुंबईकडे गेलेला प्रवाह चंद्रपूरला पुरता परत येतो. त्याने नेलेली ऊर्जा मात्र तिकडेच खर्च होते. इथे उरते ती कोळशाची राख आणि चिमण्यांचा धूर. मूस यांनी ट्राम येण्याआधीच विचारले होते की हिचा उपद्रव कुणाला होईल आणि त्याची तजवीज काय. एका सुईसाठी एवढी काळजी घेणारा हा देश आहे. वीज जिथे निर्माण होते तिथल्या माणसांसाठीही हाच प्रश्न आधी विचारला जावा, एवढीच अपेक्षा.