चूक सांगायची कोणी?

जून २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने दीड लाख रुपयांपर्यंतची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. अर्ज संगणकावर भरायचे होते. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्याचे या योजनेकडे डोळे लागले होते. पुढे अर्जांतील माहिती आणि बँकांच्या नोंदी जुळेनात. एकाच आधार क्रमांकापुढे अनेक नावे आल्याचेही उघड झाले.

या निमित्ताने एक साधा प्रश्न विचारू. समजा, एखाद्या आज्ञावलीने खातेदाराची थकबाकी शोधून आकडा द्यायचा आहे. नोंद सापडलीच नाही, तर तिने काय द्यावे? शून्य दिले, तर ज्याच्यावर कर्जच नाही तो शेतकरी आणि ज्याची नोंद हरवली तो शेतकरी, यांत फरक उरत नाही.

यावर जुना उपाय म्हणजे 'उणे एक'सारखा खुणेचा आकडा देणे. सी भाषेत ही रीत रूढ झाली. पण तो आकडा दर वेळी तपासावा लागतो. तपासायचे राहिले, तर उणे एक रुपया निमूटपणे बेरजेत मिसळतो.

१९६० च्या दशकातील पीएल/वन भाषेत चुकीच्या प्रसंगासाठी वेगळ्या आज्ञा लिहिण्याची सोय होती. १९७५ मध्ये जॉन गुडइनफ यांनी या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. त्याच दशकात एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या क्लू भाषेत, कोणते 'अपवाद' उद्भवू शकतात हे प्रत्येक क्रियेच्या मथळ्यातच लिहावे लागे.

अपवाद म्हणजे काय? वर्गशिक्षकांना न सुटलेली अडचण मुख्याध्यापकांकडे जाते, तिथेही न सुटल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. तसाच अपवादही, हाताळणारा भेटेपर्यंत, बोलावणाऱ्या आज्ञावलींमधून वर वर जातो.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीत ही सोय अधिकच गरजेची ठरली. तिथे माहिती आणि तिच्यावरील क्रिया एका 'ऑब्जेक्ट'मध्ये बांधलेल्या असतात आणि आतले बाहेरच्याला दिसत नाही. सी++ मध्ये तर ऑब्जेक्ट उभा करणारी क्रिया कोणताही आकडा परत देत नाही. मग खुणेचा आकडा देणार कुठून? कोनिग आणि स्ट्रूस्ट्रप यांनी १९९० मध्ये त्या भाषेसाठी अपवादांची रचना मांडली. अपवाद हाही ऑब्जेक्टच असल्याने चुकीचा प्रकार आणि तपशील तो सोबत नेतो. १९९५ च्या जावाने आणखी सक्ती केली: काही अपवाद हाताळले नाहीत किंवा पुढे जाहीर केले नाहीत, तर आज्ञावली स्वीकारलीच जात नाही.

तरीही सोय म्हणजे सुटका नव्हे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. एरियान-४ मधून घेतलेल्या, एडा भाषेतील आज्ञावलीत एक मोठी संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही. अपवाद उद्भवला, पण तो हाताळण्याची तजवीज नव्हती. दिशादर्शक संगणक बंद पडला. राखीव संगणक त्याच कारणाने आधीच बंद झाला होता.

याच्या उलट खोड म्हणजे अपवाद पकडायचा आणि काहीच करायचे नाही. जावाची सक्ती चुकवण्यासाठी अनेकांनी हाताळणीची जागा कोरीच ठेवली. आज्ञावली चालत राहते, चूक मात्र गडप होते.

भाषा चुकीला वाट करून देते. त्या वाटेच्या टोकाशी कोण बसणार, हे माणसांनीच ठरवायचे असते. 'नोंद सापडली नाही' हे शब्द शेतकऱ्यापर्यंत आणि ती दुरुस्त करू शकणाऱ्या कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचले, तरच ती चूक हाताळली असे म्हणता येईल.