टोपीच्या पेटीतले विरजण

दिवाळीच्या फराळाशेजारी बिअरची गोष्ट मांडतो आहे म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. गोष्ट पिण्याची नाही, विरजणाची आहे. आणि विरजणाची किंमत आपल्याकडच्या गृहिणीला कोणी सांगायला नको.

'लागर' हा जर्मन शब्द. अर्थ साठवण. सातूला मोड आणायचे, ते वाळवून भरडून त्यांचा गोड काढा करायचा, त्यात हॉप नावाच्या वेलाची कडवट फुले उकळायची आणि काढा निवला की यीस्टचे विरजण लावायचे. इथवर सगळ्या बिअरी बहिणी-बहिणी. पण बव्हेरियातले यीस्ट मुलखावेगळे! इतर यीस्ट उबेत फसफसून वर येते. हे आठ ते तेरा अंशांच्या गारठ्यात सावकाश काम करते आणि तळाशी बसते. मग ती बिअर गोठणबिंदूच्या आसपास, थंड तळघरात, कित्येक आठवडे नुसती पडून राहते. गंधकासारखा वास उडतो, गढूळपणा खाली बसतो, चव निवळते. उन्हाळ्यात हे जमत नसे, बिअर नासे. म्हणून 1553 साली तिथल्या ड्यूकने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर करायलाच बंदी घातली होती.

हे यीस्ट डेन्मार्कला नेले याकोब क्रिस्टियन याकोबसेनने. त्याचे पहिले प्रयोग आईच्या कपडे उकळायच्या हंड्यात झाले असे सांगतात. पण हा गृहस्थ काही नवशिक्या नव्हे, बिअर करणाऱ्याचाच मुलगा. 1845 साली तो म्युनिकला गाब्रिएल झेडलमायरकडे गेला आणि यीस्ट घेऊन निघाला. डबे टोपीच्या पेटीत ठेवलेले, आणि घोडागाडी थांबेल तिथे उतरून त्यांवर गार पाणी ओतायचे, अशी आख्यायिका आहे. कोपनहेगनपर्यंतचा तो प्रवास डोळ्यांपुढे आणा! गाडीतले सहप्रवासी काय म्हणत असतील?

झेडलमायरही काही साधुपुरुष नव्हे. 1833 साली ब्रिटनचे कारखाने पाहायला गेला, तेव्हा पोकळ काठीतून त्यांच्या काढ्याचे नमुने त्याने गुपचूप पळवले होते. म्हणून तर त्याने याकोबसेनला यीस्ट सुखासुखी दिले याचे मला नवल वाटते.

1847 साली याकोबसेनने कारखाना काढला आणि त्याला आपल्या मुलाचे नाव दिले: कार्ल्सबर्ग. 1875 मध्ये प्रयोगशाळा उभारली. पुढे तिथे एमिल क्रिस्टियन हान्सेन आला. हा आधी घरे रंगवीत असे, मग शिकवण्या करी, आणि शिक्षणाचा खर्च त्याने कादंबऱ्या लिहून भागवला. मीही मास्तर आणि कादंबरीकार. पण मी मॅट्रिकवर थांबलो, तेव्हा तुलना इथेच पुरे.

कार्ल्सबर्गची बिअर मधूनच बिघडत होती. हान्सेनने शोधले की विरजणात रानटी यीस्ट शिरले आहे. मग यीस्ट इतके पातळ करायचे की एका थेंबात एकच पेशी यावी, आणि त्या एकीपासून सारे कूळ वाढवायचे, ही रीत त्याने बसवली. 1883 साली त्या शुद्ध यीस्टची पहिली बिअर झाली.

आता धंदेवाला काय करील? पेटीला कुलूप लावील. याकोबसेनने ते यीस्ट इतर कारखान्यांना फुकट देऊन टाकले. शेजारीण वाटी घेऊन आली की आपण विरजण नाकारत नाही, हे खरे. पण ती शेजारीण समोरच दह्याचे दुकान चालवत असेल तर?

आज परदेशांत घरी लागर करणारा नवशिक्या शुद्ध यीस्टची पुडी विकत आणतो, भांडी निर्जंतुक करतो आणि बर्फाच्या कपाटात काचेचा बुधला ठेवून आठवडे मोजतो. शेवटी बाटलीत चिमूटभर साखर घालून बूच ठोकतो. उरलेसुरले यीस्ट ती खाते आणि बिअरीत फेस धरतो. साखर जास्त झाली तर बाटली फुटते! सारा खेळ त्या तळाशी बसलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा.

ते किती चिवट असावेत? 2013 साली कार्ल्सबर्गच्या तळघरात हान्सेनच्या काळातली एक बाटली सापडली. तिच्या तळाशी काही पेशी जिवंत होत्या. त्या वाढवून 2016 साली पुन्हा बिअर केली गेली.