बोरघाटाचा शिंग्रोबा

कोकणातून देशावर जाण्याच्या वाटा पुष्कळ. परंतु मुंबई-पुण्याची वाट म्हटली की पनवेल आणि बोरघाट ही जोडी ठरलेली. आगगाडी येण्यापूर्वी मुंबईचा प्रवासी होडीने पनवेलच्या बंदरात उतरे आणि चौक, खालापूर करीत खोपोलीस घाटाच्या पायथ्याशी येई. तेथे नाना फडणविसांनी बांधलेले महादेवाचे देऊळ व मोठा तलाव आहे. चढणीपूर्वी माणसाने देवाला हात जोडावे आणि बैलाने पोटभर पाणी प्यावे, अशी ती सोय होती.

या घाटावर माणसाने जितके काम केले तितके सह्याद्रीच्या फारच थोड्या घाटांवर झाले असेल. १८०४ साली वेलस्लीने तोफांसाठी वाट केली. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी गाडीरस्ता खुला केला. १८५६ साली लोहमार्गाचे काम निघाले. सुमारे १६ मैलांत १,८३१ फुटांची चढण आणि पंचवीस बोगदे! ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर कड्यावर राबत होते. पटकीच्या साथीत त्यांतील कितीतरी माणसे दगावली. ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार १८५९ साली येथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. पुढे त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने हे काम तडीस नेले व १८६३ साली घाटातून गाडी धावली. नवऱ्यामागे एवढा पसारा सांभाळणाऱ्या त्या बाईचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पुढे १९१५ साली लोणावळ्याकडील धरणांचे पाणी नळांतून खाली सोडून टाटांनी खोपोलीस वीज निर्माण केली आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या.

गव्हर्नर, इंजिनिअर, कंत्राटदार या सर्वांची नावे सरकारी दप्तरात आहेत. मजुरांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

तरी एक नाव राहिले. खोपोलीहून जुन्या रस्त्याने घाट चढू लागले की शिंग्रोबाचे छोटे देऊळ लागते. शिंग्रोबा हा धनगर. साहेबांना डोंगरातून वाट सापडेना, तेव्हा मेंढरांमागे हिंडून पायांखाली घातलेली वाट त्याने दाखविली, असे सांगतात. कोणी म्हणते ती वाट रस्त्याची, कोणी म्हणते लोहमार्गाची. बक्षीस काय हवे असे विचारताच त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याबद्दल त्याला गोळी घालण्यात आली, असा कथेचा शेवट आहे. ही लोककथा आहे, दप्तरातील नोंद नव्हे. परंतु घाटाची वाट मूळची कोणाची, हे ती दप्तरापेक्षा नेमके सांगते. कड्यात पायवाट कोठून जाते हे विलायतेहून आलेल्या माणसाला कोण सांगणार? ज्याची गुरे तेथे चरत होती तोच.

घाटातील जुन्या वास्तू मात्र एकेक करून जात आहेत. अमृतांजनच्या जाहिरातीवरून ज्याला नाव पडले तो दगडी पूल पिढ्यान्‌पिढ्या प्रवाशांच्या ओळखीचा होता. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना तो सुरुंग लावून पाडण्यात आला. वाहतुकीची अडचण होती हे खरे, पण दोन-चार दिवसांत पूल दिसेनासा झाला. द्रुतगती मार्गाने कळंबोलीहून निघालेल्याला शिंग्रोबाही लागत नाही. तो जुन्या रस्त्यावरच राहिला.

त्या रस्त्याने जाणारे ड्रायव्हर अजून देवळाशी गाडी हळू करतात, हॉर्न वाजवतात आणि खिडकीतून नाणे टाकतात. त्या नाण्याची पावती फाडली जात नाही व देणाऱ्याचे नाव कोठल्याही फलकावर लागत नाही. गाडी पुढे वळणावर जाते, मागच्या गाडीतून दुसरे नाणे पडते.