बगदादचे उघडलेले दार

२००३ सालच्या एप्रिलात बगदाद पडले आणि १० ते १२ तारखांच्या दरम्यान तिथले राष्ट्रीय संग्रहालय लुटारूंनी धुऊन नेले. सुमारे १५,००० वस्तू गेल्या. सेवकांनी युद्धाआधीच गुप्त जागी हलवल्या होत्या, त्या मात्र वाचल्या. त्या माणसांचे उपकार जगाने विसरू नयेत. उरुकचे पाच हजार वर्षांचे कोरीव पात्र जूनमध्ये परत आले, पण मोटारीत घालून, तुकड्यांत! तिथलेच संगमरवरी स्त्रीमुख सप्टेंबरात एका मळ्यात पुरलेले सापडले. मातीतून वर आलेले पुन्हा मातीतच लपावे, हे नवलच.

मधले समारंभ वगळता सामान्यांना दार बंदच होते. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी मोसूलच्या संग्रहालयातील मूर्ती घणाने फोडल्याचे चित्रण जगाने पाहिले. निनवेच्या वेशीवरील मानवमुखी, पंखधारी वृषभाचा चेहराही यंत्राने छिलला होता. बगदादकरांनी मग तारीख अलीकडे ओढली. २८ फेब्रुवारीला, बारा वर्षांनी, दारे उघडली. आत खोर्साबादचे वृषभ, निनवेच्या वृषभाचेच कुळबंधू, पूर्वीसारखे उभे होते.