घड्याळाविना चालणारी चिप: फायदे असूनही मागे का राहिली?

भालकी, बिदर, कलबुर्गीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून शिकून चिप डिझाइनच्या नोकरीसाठी पुणे-बेंगळुरू गाठणाऱ्या मुलांना 'क्लॉक' शब्द सुरुवातीलाच भेटतो. पण क्लॉकशिवायही चिप चालते. तिला असिंक्रोनस चिप म्हणतात.

फरक काय?

बिदर-उदगीर मार्गावरची सरकारी बस भरली तरी वेळ झाल्याशिवाय सुटत नाही. काळी-पिवळी मात्र भरली की निघते. नेहमीच्या चिपमध्ये क्लॉक सेकंदाला कोट्यवधी ठोके देतो आणि सगळे भाग त्या ठोक्यावर चालतात. ठोक्याचा वेग सर्वांत संथ कामावरून ठरतो. असिंक्रोनस चिपमध्ये एक भाग 'डेटा तयार आहे' अशी खूण करतो, दुसरा 'मिळाला' असं कळवतो. हाच हँडशेक. काम नसलेला भाग गप्प बसतो, वीज वाचते.

कल्पना जुनीच

प्रिन्स्टनचा आयएएस संगणक १९५० च्या दशकात मध्यवर्ती क्लॉकविना चालायचा. त्याच्याच आराखड्याच्या आधारे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २,७०० व्हॅक्यूम ट्यूबचा 'टिफ्रॅक' उभा राहिला. तो १९६० मध्ये कार्यान्वित झाला. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत पहिला असिंक्रोनस मायक्रोप्रोसेसर तयार झाला. त्यानंतर मँचेस्टर विद्यापीठात स्टीव्ह फर्बर यांच्या गटाने 'अ‍ॅम्युलेट' प्रोसेसर बनवले. फिलिप्सने अशा चिप पेजरमध्ये वापरल्या.

अडलं कुठे?

डिझाइनची बहुतेक सॉफ्टवेअर क्लॉक गृहीत धरूनच बनली आहेत. क्लॉक असेल तर काम ठोक्याच्या आत होतं का, हे मुख्यतः बघायचं. क्लॉक नसेल तर प्रत्येक खुणेचा क्रम तपासावा लागतो, कारण तारेवर क्षणभर उठलेला चुकीचा सिग्नलही खरी खूण समजला जाऊ शकतो. हँडशेकसाठी जादा सर्किट लागतं, कारखान्यातली चाचणीही अवघड होते. शिवाय जाणकार इंजिनिअर कमी, म्हणून कंपन्या कचरतात. आणि कंपन्या कचरतात म्हणून नवी सॉफ्टवेअर येत नाहीत.

आज काय?

मेंदूच्या धर्तीवरच्या चिपमध्ये ही पद्धत टिकून आहे. आयबीएमची 'ट्रूनॉर्थ' (२०१४) आणि इंटेलची 'लोइही' (२०१७) ही त्याची उदाहरणं. नोकऱ्या मात्र मुख्यतः क्लॉकवाल्या डिझाइनमध्येच आहेत, त्यामुळे ते आधी पक्कं हवं. तरीही हँडशेक शिकणं वाया जात नाही: मोठ्या चिपमध्ये वेगवेगळ्या क्लॉकवर चालणारे भाग असतात आणि त्यांच्यात डेटा सुखरूप पोचवायला तोच कामी येतो.