शिलालेख आणि आजीची साक्ष

न्यायासनापुढे पुरावा दोन वाटांनी येतो : एक कागदाची, दुसरी साक्षीदाराच्या मुखाची. इतिहासाच्या दरबारातही हीच व्यवस्था आहे. मात्र तेथे ताम्रपट, शिलालेख आणि दप्तरे यांना उच्चासन मिळते आणि वृद्धांच्या तोंडची हकीकत बहुधा दाराबाहेर तिष्ठत राहते. हा भेद सर्वस्वी न्याय्य आहे काय, याचा विचार करण्यास एका लष्करी कुटुंबाच्या दोन दिवसांच्या प्रवासाने मला प्रवृत्त केले.

बेळगाव हे १९२२ पासून मराठा पलटणींचे शिक्षणकेंद्र आहे. तेथे नेमणुकीवर असलेले एक सुभेदार माझ्या परिचयाचे. त्यांचे वडील त्याच रेजिमेंटमधून निवृत्त झालेले, आईचे माहेर गोव्यातील डिचोली महालातले. लष्करी घरातील मुलांना दर दोन-तीन वर्षांनी शाळा बदलावी लागते, शेजार बदलावा लागतो, भाषाही बदलावी लागते. "तुझे गाव कोणते?" या साध्या प्रश्नाला थोरल्या नातवाजवळ उत्तर नव्हते. ते उत्तर शोधण्यासाठी आजोबांनी शनिवार-रविवारचा बेत आखला आणि मलाही सोबत घेतले.

प्रारंभ बेळगावच्या किल्ल्यापासून झाला. वेणुग्राम हे या नगराचे जुने नाव. तेराव्या शतकाच्या आरंभी येथे रट्ट राजांची सत्ता होती. त्यांचा अधिकारी बिचीराजा याने किल्ला बांधला असे मानतात. छतातील पाषाणकमळासाठी प्रसिद्ध असलेली कमल बस्ती ही त्याच काळची. तिच्यापासून थोड्याच अंतरावर आदिलशाही सरदार असदखानाची साफा मशीद उभी आहे. पुढे मराठ्यांच्या ताब्यातून हा किल्ला १८१८ साली इंग्रजांकडे गेला. एका तटाच्या आत इतक्या राजवटी नांदून गेल्या. परंतु आजोबांचे मन तेथे फारसे रमले नाही. तटाच्या सावलीत बसून त्यांनी नातवाला सांगितली ती नामदेव जाधव या साध्या शिपायाची गोष्ट. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीच्या काठी त्याच्या तुकडीचा जवळजवळ संहार झाला. तेव्हा त्याने दोघा जखमी सोबत्यांना, एकामागून एक, गोळ्यांच्या वर्षावात खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप पार केले. मग शत्रूची तीन मशीनगनची ठाणी निकामी केली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. "त्याचं नाव लिहून ठेवलंय, बाळ," आजोबा म्हणाले, "म्हणून तुला सांगता येतंय." या वाक्याचा पूर्ण अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळावयाचा होता.

त्याच दिवशी आम्ही खानापूर तालुक्यातील हलशीस गेलो. आज हे एक शांत खेडे आहे. परंतु पलाशिका या नावाने ते बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी होते. येथे सापडलेल्या त्यांच्या ताम्रपटांवाचून दक्षिणेचा प्राचीन इतिहास लिहिताच येत नाही. भूवराह-नरसिंहाच्या मंदिरात दोन गाभारे परस्परांसमोर उभे आहेत. तेथील शिलालेखात ११६९ सालचा उल्लेख आहे तो गोव्याचा कदंब राजा शिवचित्त परमाडी याच्या काळचा. याच राजाची राणी कमलादेवी हिने कित्तूरजवळील देगावे येथे कमलनारायणाचे मंदिर उभारले आणि ते घडविणारा स्थपती तिप्पोज याचेही नाव लेखामुळे टिकून राहिले. नातवाने विचारले, "आजोबा, हलशी आणि गोवा तेव्हा एकाच राजाचे होते?" होते. सह्याद्रीचा माथा आणि समुद्रकिनारा एका सत्तेखाली होते; आज राज्याराज्यांत आखलेल्या रेषांचा त्या दगडांना पत्ताही नाही.

या राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर. आपण त्याच्या वरप्रसादाने धन्य झालो, असे बिरुद ते आपल्या नाण्यांवर कोरीत. म्हणून दुसऱ्या दिवशी चोर्ला घाट उतरून आम्ही नार्वे येथे त्याच्या दर्शनास गेलो. येथे आजीचा अधिकार सुरू झाला.

मूळ देवस्थान येथे नव्हते. ते नदीपलीकडील दिवाडी बेटावर होते. चौदाव्या शतकात बहमनी सत्तेने ते उद्ध्वस्त केले आणि त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधवमंत्र्याने त्याची पुनःस्थापना केली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडले. लिंग विहिरीच्या रहाटास लावले गेले होते आणि भक्तांनी ते गुपचूप उचलून नदीपार आणले, असे परंपरा सांगते. अलीकडील डिचोली महाल त्या वेळी पोर्तुगीजांच्या हाती नव्हता. पुढे १६६८ साली श्रीशिवछत्रपतींनी येथे देवालय उभारविले. शके १५९० चा तो लेख दारावर आहे. अलीकडे या वास्तूचे जतनकार्य होऊन २०२३ मध्ये ती भाविकांस पुन्हा खुली झाली.

आजीने हीच कथा आपल्या आजीकडून ऐकलेली. तिच्या कथेत महाराजांनी देऊळ एका रात्रीत उभे केले होते. दारावरचा लेख मात्र देवालयाचा केवळ प्रारंभ झाल्याचे सांगतो. येथे दगडाने आजीची चूक दुरुस्त केली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पुढे आजीने जे सांगितले ते कोणत्याही दगडावर नाही. लिंग होडीत ठेवले तेव्हा त्यावर भाताचा पेंढा अंथरला होता. होडी वल्हवणाऱ्यांनी घरी बायकांनासुद्धा सांगितले नाही. आणि देव पैलतीरी पोचल्यावर पहिली रात्र कोणी दिवा लावला नाही. परमाडीचे नाव आहे, माधवमंत्र्याचे आहे, शिवरायांचे आहे. होडी वल्हवणाऱ्यांचे नाव कोठे आहे?

पेंढ्याचा तपशील सत्य आहे असे मी प्रतिज्ञेवर सांगणार नाही. ऐकीव गोष्ट कायदा सहसा ग्राह्य धरीत नाही. परंतु १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, याला एक समंजस अपवाद आहे. मृत व्यक्तीने वाद उपस्थित होण्यापूर्वी नात्यागोत्याविषयी किंवा सार्वजनिक रूढीविषयी केलेले कथन ग्राह्य धरता येते. कारण उघड आहे : जेथे लेख नाही आणि साक्षीदार हयात नाही, तेथे त्याचे बोल ऐकलेला माणूस हाच शेवटचा दुवा असतो. आजीच्या आजीला कोणताही दावा जिंकावयाचा नव्हता. तिला नातीला झोपवावयाचे होते.

आपल्या देवस्थानांच्या इतिहासात असे अलिखित रकाने पुष्कळ आहेत. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. ही स्थलांतरे ज्यांच्या खांद्यांवरून झाली त्यांतील बहुतेकांची नावे काळाच्या उदरात गेली. सेनिओच्या काठी सोबत्यांना वाहून नेणाऱ्या शिपायाची नोंद राजपत्रात झाली. मांडवीच्या पाण्यातून देव वाहून नेणाऱ्यांची नोंद केवळ वृद्धांच्या जिभेवर राहिली. आणि जिभेवरची नोंद जीर्ण दप्तराहूनही अल्पायुषी असते. दप्तराला वाळवी लागली तरी चार पाने उरतात. आजी गेली म्हणजे काहीच उरत नाही.

म्हणून वाचकांस एक विनंती. नातवंडांना देवदर्शनास न्याल तेव्हा आजी-आजोबांना अवश्य सोबत घ्या. शिलालेख मुलांकडून वाचून घ्या, आणि वृद्धांनी जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत, तिथी-वारासह, वहीत उतरवून ठेवा. लेखाशी जुळेल ते जुळेल, न जुळेल ते वेगळे नोंदवावे. परंतु नोंदवावे खास.

आमच्या छोट्या सोबत्याला त्याचे गाव मिळाले काय? परतीच्या वाटेवर त्याने आजीला विचारले, "देवाचीही बदली झाली होती ना?" आजी म्हणाली, "हो रे. पण त्याला नेणारी माणसं त्याचीच होती." त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.