आई जिवंत, पिल्लं शून्य

दोन वर्षांपूर्वी पुण्यात आमच्या टीमकडे एक काम आलं. एका प्रयोगशाळेच्या नोंदी कागदावरून आणि एक्सेलमधून उचलून नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणायच्या होत्या. नमुना म्हणून त्यांनी जुनी फाइल पाठवली. दहा काचेची भांडी, एकवीस दिवस, आणि रोज भांड्यामागे दोनच नोंदी: आई जिवंत आहे का, आणि आज पिल्लं किती.

त्यातल्या एका शीटमध्ये आईच्या रकान्यात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत 'जिवंत' होतं. पिल्लांच्या रकान्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्य. दहाही भांड्यांत तेच. मला वाटलं, फॉर्म्युला तुटलाय. मी स्क्रीनशॉट काढला, लाल चौकट केली आणि 'डेटा आलेला नाही, कृपया तपासा' असा मेल टाकला. तिकडून एका ओळीचं उत्तर आलं: "डेटा बरोबर आहे. त्या औषधाचा निकालच तो आहे."

'त्या औषधाचा' म्हणजे शेतात फवारायच्या औषधाचा. आई म्हणजे डॅफ्निया, आपल्या भाषेत पाणपिसू. तांदळाच्या दाण्याएवढी, आरपार दिसणारी, गोड्या पाण्यात उड्या मारत पोहणारी. नावात पिसू असली तरी ती चावत नाही. ती कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातली. पाण्यातलं शेवाळ गाळून खाते आणि स्वतः माशांच्या पिल्लांच्या पोटात जाते. लहानपणी मलकापुरात आमच्या घरी काचेची छोटी टाकी होती, तिच्यातल्या गप्पी माशांना मी डबक्यातून चहाच्या गाळणीने हेच किडे धरून आणायचो (गाळणी परत स्वयंपाकघरात जायची, हे आईला आजही माहीत नाही). तेव्हा त्यांना नाव नव्हतं. 'माशांचं खाणं' एवढंच.

कामाचा भाग संपला तरी ती शून्यांची शीट डोक्यातून जाईना. विषाची परीक्षा म्हणजे कोण मेलं ते बघायचं, अशी माझी समजूत होती. न जन्मलेल्यांची मोजदाद करावी हे मुळात कुणाला सुचलं?

पाणपिसू माणसाच्या नजरेत आली ती सूक्ष्मदर्शकासोबत. १६६९ मध्ये डच अभ्यासक यान स्वामरडॅमने तिचं वर्णन केलं. १७८५ मध्ये डेन्मार्कच्या ओ. एफ. म्यूलरने डॅफ्निया हे नाव दिलं. १८८४ मध्ये इल्या मेचनिकॉफने तिच्या पारदर्शक अंगात बुरशीशी लढणाऱ्या पेशी पाहिल्या. रोगप्रतिकारशक्तीच्या ज्या कामासाठी त्याला १९०८ साली नोबेल मिळालं, त्यात या किड्याचाही वाटा आहे. अंग काचेसारखं असल्यामुळे तिच्या पाठीवरच्या पिशवीतली अंडीही बाहेरून दिसतात. हे पुढे फार कामाला येणार होतं.

१९३०च्या दशकात स्वीडनमध्ये आयनार नाऊमान यांनी डॅफ्निया मॅग्ना ही मोठी जात पाण्यातल्या पदार्थांच्या परीक्षेसाठी वापरली. १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत बर्टिल अँडरसन यांनी कारखान्यांच्या सांडपाण्यात सापडणाऱ्या पदार्थांची लांबलचक तपासणी याच किड्यावर केली. कोणता पदार्थ किती असला की पाणपिसू हालायची थांबते, हा त्यांचा प्रश्न. तास मोजायचे, थंडावलेले किडे मोजायचे. बरीच वर्षं विषविज्ञानाची गाडी याच रुळावर होती आणि त्यात चूक काहीच नव्हती. मेलेलं मोजायला सोपं असतं.

गाडीचा रूळ बदलला तो १९७२ मध्ये. अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या काठी डुलुथ नावाचं शहर आहे. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत बिसिंगर आणि क्रिस्टेन्सन या दोघांनी सरोवराचंच पाणी घेतलं, त्यात वेगवेगळे धातू अगदी किंचित मिसळले आणि पाणपिसवांना दोन दिवसांऐवजी तीन आठवडे ठेवलं. कॅडमियमचे आकडे बघा. ४८ तासांत निम्म्या पाणपिसवा मारायला लिटरमागे ६५ मायक्रोग्रॅम कॅडमियम लागलं. पण तीन आठवड्यांत पिल्लांची संख्या १६ टक्क्यांनी घटायला लागलं फक्त ०.१७ मायक्रोग्रॅम. भागाकार केला तर सुमारे ३८० पट फरक. दोन दिवसांच्या परीक्षेत जे पाणी निर्धास्त वाटलं असतं, त्याच पाण्यात पुढची पिढी आटत होती.

आमच्या धंद्यात याला जवळची एक गोष्ट आहे. नवं ॲप दहा मिनिटं दणकून चालवून पाहिलं की ते पास होतं. तेच तीन दिवस सलग चालू ठेवलं की मेमरी थोडी थोडी गळत जाते आणि चौथ्या पहाटे फोन येतो. म्हणून ते मुद्दाम कित्येक दिवस चालू ठेवून बघायचं, अशी एक कंटाळवाणी चाचणी असते. डेडलाइन जवळ आली की पहिली काट तिलाच लागते.

डुलुथनंतर ही परीक्षा हळूहळू नियमांत बसली. बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या देशांची ओईसीडी ही संघटना रसायनांच्या चाचण्यांच्या पद्धती ठरवते. तिने १९८४ मध्ये पाणपिसूच्या प्रजननाची चाचणी मान्य केली आणि १९९८ मध्ये ती स्वतंत्र करून २११ क्रमांक दिला. माझ्या एक्सेल शीटचं मूळ तिथे आहे. चोवीस तासांच्या आतली पाणपिसू घ्यायची, प्रत्येकीला वेगळं भांडं, ५० ते १०० मिलिलिटर पाणी, खायला शेवाळ. आठ-दहा दिवसांनी पहिली वीण होते, मग दर दोन-तीन दिवसांनी. पिल्लं रोज काढून मोजायची. वेगळं भांडं कशासाठी? दहा जणी एकत्र ठेवल्या आणि मधेच दोघी मेल्या, तर कुणाची किती पिल्लं हे कसं कळणार? शिवाय ज्या भांड्यांत रसायन टाकलेलंच नाही, त्यांतल्या आईला एकवीस दिवसांत सरासरी किमान ६० जिवंत पिल्लं झाली पाहिजेत, आणि त्यांतल्या २० टक्क्यांहून जास्त आया मरता कामा नयेत. नाहीतर सगळी चाचणी रद्द. म्हणजे आधी तुम्हाला पाणपिसू सुखात ठेवता येते हे सिद्ध करा, मग तिच्या दुःखाचं बोला. मला हा नियम फार आवडला.

बहुतेक वेळा यात नर नसतोच. सुगीच्या दिवसांत पाणपिसू एकटीच मुलींना जन्म देते, आणि त्या मुली हुबेहूब आईसारख्या. डबकं आटायला लागलं, खाणं संपलं, गर्दी झाली, की ती नर जन्माला घालते. मग मिलनातून टणक कवचाची अंडी तयार होतात आणि ती कोरड्या मातीत पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतात. २००३ मध्ये जपानमध्ये नोरिहिसा तातारझाको आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पायरीप्रॉक्सिफेनसारखी काही कीटकनाशकं आईला दिली की सुगीतही तिला मुलगेच होतात. पायरीप्रॉक्सिफेन डासांच्या अळ्यांवर आणि पिकांवरच्या पांढऱ्या माशीवर वापरतात. आई ठणठणीत, पिल्लंही जिवंत, पण मुली नाहीत. मुली कमी झाल्या की काय होतं, हे आपल्या सातारा-सांगलीकडच्या माणसांना वेगळं सांगायला नको. २००८ मध्ये २११ क्रमांकाच्या पद्धतीत पिल्लं नर की मादी हे पाहण्याचीही सोय झाली.

भारताचा यात प्रवेश झाला तो व्यापाराच्या दाराने. मार्च २०११ मध्ये ओईसीडीच्या परस्पर मान्यतेच्या व्यवस्थेत भारताला पूर्ण स्थान मिळालं, म्हणजे इथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत केलेली चाचणी तिकडे पुन्हा करावी लागत नाही. म्हणून आज आपल्याकडच्या वातानुकूलित खोल्यांत, वीस अंशांच्या आसपास, थंड प्रदेशातली डॅफ्निया मॅग्ना पाळली जाते आणि तिची पिल्लं मोजून अहवाल परदेशी जातात. मी केलेलं सॉफ्टवेअर त्यासाठीच होतं.

त्याआधी आपल्या सरकारचा पाण्यातल्या या बारीक कवचधारी जिवांशी जो मोठा संबंध आला, तो त्यांना मारण्यासाठी. नारू आठवतो? आपल्या पिढीला नाही आठवणार, आजीला विचारा. पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा. पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी भरलं की त्या जंताच्या अळ्या पाण्यात उतरायच्या, सायक्लॉप्स नावाच्या पाणपिसूच्या लांबच्या नातलगाच्या पोटात वाढायच्या आणि न गाळलेल्या पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जायच्या. महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग होता. १९८० च्या दशकात देशभर मोहीम निघाली: पाणी फडक्याने गाळा, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करा, आणि पाण्यात टेमेफॉस टाकून सायक्लॉप्स मारा. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. ही मोहीम मला आपल्या देशाच्या सगळ्यांत सुंदर कामांपैकी एक वाटते, आणि टेमेफॉसबद्दल मी तक्रार करणार नाही.

पण नदीचं काय?

मलकापूर कोयनेच्या दक्षिणेला, कराडला चिकटून. आमच्या गावाचं नाव देशभर झालं ते चोवीस तास पाण्याच्या योजनेमुळे. नळाला मीटर आहे आणि आमच्याकडे पाहुणा आला की रात्री अकराला नळ सोडून दाखवायची एक पद्धत होती. ते पाणी कोयनेचं. पुलापलीकडे प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि वळून पुढे निघतात. तेच पाणी खाली सांगलीला जातं. मार्च २०२३ मध्ये तिकडे अंकली परिसरात नदीत मेलेल्या माशांचा खच पडला. फोटो आले, व्हिडिओ फिरले, प्रकरण हरित लवादाकडे गेलं. मासा मेला की तरंगतो, पांढरं पोट वर येतं, वास सुटतो. न जन्मलेल्या पाणपिसूचा फोटो कसा काढणार?

आपला कायदाही तरंगणारे मासेच बघतो. पर्यावरण संरक्षण नियमांत सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांमध्ये एक जैविक कसोटी आहे: शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तास मासे ठेवा, ९० टक्के जगले पाहिजेत. वाचताना कडक वाटते, आणि तेवढ्यापुरती ती कडक आहेही. बिनपातळ सांडपाण्यात मासा चार दिवस जगवणं सोपं नाही. पण चार दिवसांत कुणाला पिल्लं होत नाहीत. अमेरिकेत १९८४ मध्ये डोनाल्ड माउंट आणि टेरेसा नॉरबर्ग यांनी सेरिओडॅफ्निया ही लहान पाणपिसू घेऊन सात दिवसांची चाचणी बसवली. सात दिवसांत तिच्या तीन विणी होतात. ती चाचणी तिथे कारखान्यांच्या सांडपाण्याच्या परवान्यांत शिरली: किती जगल्या आणि किती जन्मल्या, दोन्ही सांगा. सेरिओडॅफ्नियाचे भाऊबंद आपल्या तळ्यांतही भरपूर आहेत. एकवीस दिवस परवडत नसतील तर सात दिवसांचा रस्ता चाळीस वर्षांपासून तयार आहे.

आपल्याकडे या विषयाची जाणकार माणसंच नव्हती, असंही नाही. १९७० आणि ८० च्या दशकांत औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्राणिशास्त्राचे आर. नागभूषणम, आर. सरोजिनी, यू. एच. माने यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोड्या पाण्यातले शिंपले आणि खेकडे यांच्या प्रजननावर अनेक निबंध लिहिले. कोणत्या महिन्यात शिंपल्याची अंडी पक्व होतात, खेकड्याच्या डोळ्याच्या देठातल्या ग्रंथी त्याचं प्रजनन कसं आवरून धरतात, असे प्रश्न. परदेशी पाणपिसू मागवायची गरज नाही. आपल्या नदीतल्या जिवांचं वर्षाचं वेळापत्रक माहीत असलं की त्यात कुठे बिघाड झाला हे सांगता येतं. ते निबंध बहुतेक इंग्रजी नियतकालिकांत आहेत आणि मी वाचायला लागलो तेव्हा मला निम्मे शब्द शोधावे लागले.

त्यांतल्या शिंपल्यांपाशी मी जास्त रेंगाळलो. नदीतल्या या शिंपल्याची मादी पिल्लं आपल्या कल्ल्यांत सांभाळते आणि मग पाण्यात सोडते. त्या अळीने थोडे दिवस माशाच्या अंगाला चिकटून राहायचं, मग सुटून तळाच्या वाळूत बसायचं. मासा मिळाला नाही तर ती संपली. म्हणजे मासे मेल्याची बातमी आठवड्यात विसरली जाते, आणि त्या हंगामातले शिंपले वाळूत बसलेलेच नसतात. म्हातारे शिंपले मात्र आहेत तिथेच असतात, कारण ते बरीच वर्षं जगतात. युरोपातल्या मोती देणाऱ्या शिंपल्यांच्या बाबतीत असंच झालं: नदीत शिंपले भरपूर, पण सगळे वयस्क. हे वाचताना मला पाटण तालुक्यातली आमच्या आत्याची वाडी आठवली. घरांना कुलपं नाहीत, अंगणं सारवलेली, देवळात दिवा लागतो. फक्त शाळेत पोरं नाहीत, कारण आम्ही सगळे पुण्या-मुंबईला.

मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा संगमावरून काचेच्या बाटलीत पाणी भरून आणलं. मोबाइलचा टॉर्च मागे धरला. पुतण्या सहा वर्षांचा आहे, त्याला म्हटलं, उड्या मारणारं काही दिसलं तर सांग. त्याने बराच वेळ नाक बाटलीला लावून पाहिलं आणि "एक!" म्हणाला. मग तो एक कुठे गेला ते आम्हा दोघांनाही सापडेना. एका बाटलीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र एक दुरुस्ती केली. पिल्लांच्या रकान्यात सलग शून्य आलं की 'डेटा अपूर्ण' असा पिवळा इशारा दाखवायचा, अशी तपासणी मीच लिहिली होती. ती काढली. आता रकाना रिकामा सोडला तर प्रणाली अडवते. शून्य लिहिलं तर मुकाट्याने घेते.